हॉस्पिटलचा मुक्काम लांबला तर घरच्यांनी काय काय करायचं

आईच्या पायाला मुंग्या येत होत्या म्हणून दाखवायला गेलो आणि चौथ्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर होती. गियाँ-बारे सिंड्रोम, ज्याला सगळे जीबीएस म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पायापासून सुरू होऊन वर वर ताकद जात जाते. एकूण ८३ दिवस हॉस्पिटलमध्ये, त्यातले ४१ आयसीयूत. मी, ताई आणि बाबा असे तिघं आळीपाळीने तिथे होतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचा सल्ला इथे मिळणार नाही. तुमच्या घरी स्ट्रोक असेल, अपघात असेल, मोठं ऑपरेशन असेल, आजार कुठलाही असो, मुक्काम एकदा दोन आठवड्यांच्या पुढे गेला की घरच्यांच्या अडचणी बऱ्याचशा सारख्याच होतात. आम्ही ज्या ज्या ठिकाणी आपटलो ते लिहितोय, म्हणजे तुम्ही तरी तिथे आपटू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हॉस्पिटलमध्ये ८ किंवा १२ तासांनी ड्युटी बदलते, सिस्टर बदलतात, ज्युनियर डॉक्टर बदलतात, महिन्याने अख्खी टीम बदलू शकते, वॉर्ड बदलतो, चार्ट बदलतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत न बदलणारे फक्त तुम्हीच. म्हणजे पेशंटला काय काय झालं, कशाने त्रास झाला, कशाने बरं वाटलं हे सलग माहीत असलेले तुम्ही एकटे.

१. पहिल्याच दिवशी एक वही आणि एक माणूस ठरवा

वही साधीच घ्या, पण कागदाची. मोबाईलमधलं टिपण तुमच्याच मोबाईलमध्ये राहतं, रात्री पाळीला आलेल्या माणसाला ते दिसत नाही. वही पेशंटजवळ किंवा बाहेर बसणाऱ्याच्या हातात. डाव्या पानावर जे झालं ते: तारीख, वेळ, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले, कुठलं औषध सुरू, कुठलं बंद, कुठली टेस्ट झाली, ताप किती, झोप किती. उजव्या पानावर विचारायचे प्रश्न. बास.

पहिल्या आठवड्यात मला हे फालतू वाटत होतं, ताईच्या हट्टामुळे लिहीत होतो. मग आईला आयसीयूतून वॉर्डात हलवलं तेव्हा नवीन चार्टवर तिची एका अँटिबायोटिकची ॲलर्जी उतरलीच नव्हती, आणि संध्याकाळी नेमकं त्याच गटातलं औषध आलं. ताईने वही उघडून दाखवली, सिस्टरने लगेच थांबवलं आणि डॉक्टरांना फोन केला. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, एका चार्टवरून दुसऱ्या चार्टवर जाताना गोष्टी गळतात, एवढंच. बेड बदलताना, वॉर्ड बदलताना, डिस्चार्जच्या वेळी, या तीन वेळांना डोळे सगळ्यात जास्त उघडे ठेवा.

आता माणूस. डॉक्टरांशी बोलणारा एकच जण ठरवा, फार तर दोन. आमच्याकडे पहिले चार दिवस मी विचारायचो, बाबा विचारायचे, काका फोन करून विचारायचे, आणि संध्याकाळी घरी प्रत्येकाकडे वेगळीच गोष्ट असायची. डॉक्टरांनी तेच सांगितलेलं असायचं, ऐकणाऱ्याने आपल्या भीतीप्रमाणे ऐकलेलं. नातेवाइकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यावर रोज संध्याकाळी एकच मेसेज टाका आणि फोन उचलायचे बंद करा. थोडं वाईट वाटेल लोकांना, वाटू द्या.

२. फाईल

ही एकदाच नीट लावा म्हणजे नंतर रडायची वेळ येत नाही. यात हे हवं:

- पेशंटचं ओळखपत्र आणि जो सह्या करणार आहे त्याचंही, दोन्हीच्या चार-पाच कॉपी
- विम्याची कागदं, पॉलिसी नंबर, विमा कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार
- जुने रिपोर्ट, आधीच्या ऑपरेशनची कागदं, शरीरात पेसमेकर, स्टेंट, रॉड वगैरे असेल तर त्याचं कार्ड (एमआरआयच्या आधी हे विचारतातच)
- आजाराआधी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डोससकट, त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथी, व्हिटॅमिन सगळं आलं. लपवू नका, रक्त पातळ होणं, लिव्हर, बऱ्याच गोष्टींशी त्याचा संबंध येतो
- ॲलर्जी, एका वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात, फाईल उघडल्या उघडल्या दिसेल अशी
- प्रत्येक बिल, प्रत्येक पावती, तारखेप्रमाणे
- सही केलेल्या प्रत्येक संमतीपत्राचा फोटो

स्कॅनचा नुसता रिपोर्ट घेऊ नका, फिल्म किंवा सीडी पण मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर समोरचा डॉक्टर आधी चित्र बघायला मागतो.

३. राउंडच्या वेळी काय विचारायचं

"कधी बरी होईल?" हा प्रश्न मी पहिले दहा दिवस रोज विचारला आणि रोज "बघू" हे उत्तर मिळालं. चूक त्यांची नाही, त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. मग एका सीनियर सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की असं विचारा:

- कालपेक्षा आज काय वेगळं आहे?
- पुढच्या दोन-तीन दिवसात आपण कशाची वाट बघतोय?
- काय झालं तर तुम्हाला काळजी वाटेल?
- ही नळी अजून लागणार आहे का?

शेवटचा प्रश्न खरंच रोज विचारा. लघवीची नळी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), नाकातली नळी, प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना आत यायला एक वाट. गरज संपली की ती निघालेली बरी, आणि गर्दीच्या वॉर्डात ती एक दिवस जास्त राहून जाऊ शकते.

डॉक्टरांनी सांगितलेलं तुमच्या शब्दात त्यांना परत सांगा, "म्हणजे मला असं कळलं की..." असं. दहातल्या तीन वेळा तरी मला चुकीचं कळलेलं असायचं. आणि मोठा निर्णय असेल, म्हणजे श्वासाच्या नळीसाठी गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का वगैरे, तर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या ऐकू नका, बसून बोलायला वेळ मागा. ट्रॅकिओस्टॉमी म्हणल्यावर आम्ही तिघंही हादरलो होतो, आम्हाला वाटलं आता संपलं सगळं. उलट तोंडातली नळी निघाल्यावर आईला जरा बरं वाटलं, झोपेचं औषध कमी करता आलं, तोंड साफ ठेवता आलं. पुढे काम झाल्यावर ते छिद्र बुजलंही.

दोन सापळे. एक म्हणजे मॉनिटर. त्यावरचे आकडे बघत बसलात तर वेड लागेल, बोटाची क्लिप सरकली तरी ते बोंबलतं. माणसाकडे बघा, चेहऱ्याकडे, श्वासाकडे. दुसरा म्हणजे रात्री दोन वाजता नेटवर वाचणं. समजा तुमच्या पेशंटचा ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे ते मोजायचा आकडा, ८ आहे आणि तुम्ही तो सर्च करताय. हे स्केल १९७४ मध्ये आलं, ३ ते १५ पर्यंत जातं, डोळे, बोलणं, हालचाल याचे गुण मिळवून. पण तोंडात नळी असलेल्या माणसाला बोलण्याचे गुण मिळणारच कसे? आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे हे नेट सांगत नाही, समोरचा डॉक्टर सांगतो.

४. बोलता न येणाऱ्याशी बोलणं, आणि भ्रम

जीबीएसमध्ये माणूस आतून पूर्ण जागा असतो, शरीर हलत नाही. आई फक्त पापण्या हलवू शकत होती. आम्ही ठरवलं, एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. इथे पहिली चूक आम्ही ही केली की एका वेळी दोन प्रश्न. "दुखतंय की नुसतं अवघडलंय?" आता याला ती हो म्हणणार की नाही? एका वेळी एकच प्रश्न, आणि आधी मोठे गट: दुखतंय? श्वासाचं काही? कूस बदलायची? तहान? गरम होतंय? त्यातून एक सापडलं की मग खाली उतरायचं.

मग अक्षरांचा तक्ता केला. हॉस्पिटलात मिळालेला तक्ता इंग्रजीतला, २६ अक्षरांचा, आणि आईचा विचार चालतो मराठीत. म्हणून ताईने पुठ्ठ्यावर क-च-ट-त-प असे वर्ग ओळीने लिहिले, आधी ओळ विचारायची मग ओळीतलं अक्षर, काना-मात्रा सगळे सोडून द्यायचे. एका रात्री आईने "द" आणि "व" सांगितलं. मी म्हणलं देव? नाही. दवा? नाही. तिचे डोळे भरून आले, मला काही कळेना, वीस मिनिटं गेली आणि मग लक्षात आलं की दिवा. डोक्यावरचा दिवा तिच्या डोळ्यात जात होता, तीन दिवस. तुम्ही आल्या आल्या पेशंटच्या उशीवर डोकं टेकवून वर बघा, त्याला दिवसभर काय दिसतं ते. मी नंतर हे रोज करायला लागलो.

आता भ्रम. याला डिलिरियम म्हणतात आणि आयसीयूत, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये, तो खूप कॉमन आहे. आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं त्यामुळे आईचा मेंदूच गेला असं आम्ही धरून चाललो होतो. तक्त्यावर ती सांगायची की भिंतीवर माणसं बसलीयेत, सिस्टर तिला विकणार आहेत. काही जण आरडाओरडा करतात, नळ्या ओढतात, ते लगेच लक्षात येतं. दुसरा प्रकार शांत असतो, माणूस गप्प पडून राहतो, नजर हरवलेली, आणि सगळे म्हणतात आज किती शांत झोपलेत. हा शांत प्रकार हुकतो. तुम्ही त्या माणसाला आयुष्यभर ओळखता, "हा असा नसतो" हे तुम्हालाच आधी कळणार, तेव्हा सांगा, लाजू नका.

घरच्यांनी करायचं ते असं: चष्मा असेल तर चष्मा लावा, कानाचं मशीन असेल तर ते लावा, कारण ज्याला दिसत नाही ऐकू येत नाही तो गोंधळणारच. समोर दिसेल असं घड्याळ आणि कॅलेंडर. गेल्या गेल्या आपलं नाव, वार, वेळ सांगायची: "आई मी आलोय, आज गुरुवार, सकाळचे अकरा." दिवसा उजेड आणि गप्पा, रात्री जमेल तेवढी शांतता. भिंतीवर माणसं आहेत म्हणाली तर वाद घालू नका, आणि "हो हो आहेत" असंही करू नका. "मला दिसत नाहीयेत, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय, मी इथेच आहे" असं म्हणायचो आम्ही.

वहीचा इथे अजून एक उपयोग. स्कँडिनेव्हियन देशात १९८० च्या दशकापासून आयसीयूतल्या पेशंटची डायरी लिहायची पद्धत आहे, नर्स आणि घरचे मिळून पेशंटला उद्देशून लिहितात, की आज तुला असं झालं, आज पाऊस होता, वगैरे. बरं झाल्यावर माणसाच्या आठवणीत मोठी भोकं असतात आणि त्या भोकांत भ्रमातली भीतीदायक चित्रं बसलेली असतात, डायरी वाचून खरं काय ते जुळवता येतं. आम्ही वहीच्या मागच्या पानांपासून उलटं असं लिहायला सुरुवात केली. आईने ती चार महिन्यांनी वाचली, एका बैठकीत नाही, रोज थोडं थोडं.

५. शरीराची राखण: घरच्यांचे डोळे इथे सगळ्यात कामाचे

बेडसोर. याची भीती खरी आहे. न हलणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची हा जुना नियम, पेशंटप्रमाणे तो बदलतो म्हणून तुमच्या सिस्टरला विचारा आणि वेळ वहीत टाका. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा मोठा गैरसमज. रोज एकदा बघायच्या जागा: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानाच्या कडा. लाल डाग दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडा, दाबल्यावर जागा फिकी पडत नसेल तर ती सुरुवात समजा आणि लगेच सांगा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का. त्या जागी चोळायचं नाही, मसाज नाही. मधे भोक असलेली गोल उशी पण नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी. आणि वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीने उचलायचं.

पाणी. हे लिहिताना अजून कसंतरी होतं. आई तक्त्यावर सारखं पाणी मागायची, एका दुपारी बाबांनी चमच्याने दिलं. तिला खोकला पण आला नाही म्हणून त्यांना वाटलं गेलं व्यवस्थित. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर पाणी गुपचूप फुप्फुसात जातं, ठसकासुद्धा लागत नाही. तीन दिवसांनी तिला न्यूमोनिया झाला. त्या चमच्यानेच झाला की नाही हे कोणी ठामपणे सांगितलं नाही, व्हेंटिलेटरवर तो तसाही होऊ शकतो, पण बाबा आजही तो विषय निघाला की उठून जातात. तेव्हा गिळण्याची तपासणी होऊन "आता द्या" असं म्हणेपर्यंत तोंडावाटे काही नाही, कितीही मागितलं तरी. ओला स्पंज ओठावर फिरवता येतो, विचारून फिरवा. नळीने फीड चालू असताना आणि नंतर थोडा वेळ डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. तोंड रोज साफ झालंच पाहिजे, दात घासणं ही चैन नाही, तोंडातले जंतूच खाली उतरतात.

स्नायू. पडून राहिलं की ताकद किती झपाट्याने जाते याचा अंदाज आपल्याला नसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू १० दिवसात सरासरी १७-१८ टक्क्यांनी बारीक झालेला दिसला. म्हणून फिजिओ येतात तेव्हा चहाला जाऊ नका, उभं राहून बघा, त्यांना विचारा यातल्या कुठल्या हालचाली आम्ही करू शकतो, करून दाखवा आणि त्यांच्याकडून तपासून घ्या. लुळा हात धरून माणसाला कधीही वर ओढू नका, खांदा निखळतो. पाऊल खाली लोंबकळत राहिलं तर घोटा तसाच आखडतो, त्यासाठी स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) असतं, ते लावलंय का बघा. एकाच पायाच्या पोटरीला सूज आली, दुखायला लागली तर त्याच क्षणी सांगा, रक्ताची गुठळी असू शकते.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, नळीला पीळ नको. हात: आत जाताना, बाहेर येताना, पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं असतं, आपण पाचच सेकंद चोळतो. पेशंटला अँटिबायोटिकनंतरचे जुलाब असतील, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू सापडला असेल तर सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच, कारण अल्कोहोलने त्याचे बीजाणू मरत नाहीत.

६. पाळ्या लावा, आणि त्या पाळा

"मला काही होत नाही, मी थांबतो." हे वाक्य म्हणणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात आडवा होतो. आमच्याकडे तो मी होतो. सलग अकरा रात्री बाकड्यावर काढल्या, बाराव्या दिवशी औषधं आणायला निघालो आणि खाली पोचल्यावर कशाला आलोय तेच आठवेना.

रात्रीची पाळी सगळ्यात जड, ती एकाच माणसाला सलग दोनपेक्षा जास्त देऊ नका. पाळी बदलताना पाच मिनिटं वही वाचायची, मगच पहिल्याने निघायचं. जे लोक "काही लागलं तर सांगा" म्हणतात त्यांना खरंच सांगा, पण नेमकं सांगा: मंगळवारी चार ते आठ बसशील का, या पावत्या लावून देशील का, मुलांना शाळेतून आणशील का. नेमकं काम दिलं की लोक करतात. सर्दी-खोकला असलेल्यांना आणि "आमच्या ओळखीच्या एकाला हेच झालेलं, गेले बिचारे" सांगणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचं, हे काम घरातल्या सगळ्यात तिखट माणसाला द्या. आमच्याकडे ताई होती.

घरच्यांची झोप उडणं, सतत दचकणं, रडू फुटणं, नंतर महिनोन् महिने त्या आवाजांची भीती वाटणं, हे इतकं दिसतं की २०१२ पासून डॉक्टरी भाषेत त्याला नावही आहे, आयसीयूनंतर पेशंटला जे त्रास राहतात त्याचंच कुटुंबाचं रूप म्हणून. तुमच्या डॉक्टरकडे स्वतःसाठी जा. बाबांचं बीपी आम्ही सव्वा महिना बघितलंच नव्हतं.

७. काहीच होत नाही ते दिवस

आईला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध, पाच दिवस दिलं, आणि सहाव्या दिवशी ती हात हलवेल असं आम्ही मनात धरलेलं. जीबीएसमध्ये आजार चार आठवड्यांपर्यंत वाढू शकतो, मग काही दिवस किंवा आठवडे जसाच्या तसा राहतो, मग उतरायला लागतो. त्या मधल्या काळात काहीही बदलत नाही, वाईट पण नाही नि चांगलं पण नाही, आणि तोच काळ आम्हाला सगळ्यात खाऊन गेला. नसेचा आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचायला जवळपास वर्ष. हे गणित कळल्यावर मी रोज सकाळी "आज काही फरक?" विचारणं बंद केलं आणि वहीत दर रविवारी आठवड्याची तुलना लिहायला लागलो. रोज बघून न दिसणारा फरक रविवार ते रविवार दिसतो. मागेही जाणार हे धरून चला, इन्फेक्शन होतं, परत व्हेंटिलेटर लागतो, आमचा दोनदा लागला.

८. डिस्चार्जची तयारी, किमान दोन आठवडे आधीपासून

डिस्चार्ज अचानक मिळतो. सकाळी म्हणतात उद्या जा. तेव्हा आधीच विचारून ठेवा की घरी नेताना काय काय येणार: नळी, ट्रॅकिओस्टॉमीचं छिद्र, ड्रेसिंग, ऑक्सिजन? आणि घरीच न्यायचं की आधी रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, हेही विचारा.

काम शिकणं: फीड देणं, सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), कूस बदलणं, बेडवरून खुर्चीत बसवणं, जे जे तुम्ही करणार ते सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने किमान तीनदा करा. बघून येत नाही. आणि घरातल्या दोघांनी तरी शिका, एकच जण शिकला तर तो घरात कैद.

डिस्चार्ज समरी हातात आल्यावर तिथेच बसून वाचा, गाडीत बसल्यावर नाही. निदान, तारखा, झालेली ऑपरेशन, ॲलर्जी, अजून यायचे असलेले रिपोर्ट, परत कधी दाखवायचं, रात्री काही झालं तर कुठला नंबर. मग औषधं. जुनी घरची औषधं आणि नवीन यादी शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाचं विचारा: हे चालू, हे बंद, हे किती दिवस. आईचं बीपीचं जुनं औषध आणि समरीतलं नवीन, दोन्हींचं नाव वेगळं पण आतला घटक तोच, आम्ही दोन्ही दिलं असतं, फार्मसीतल्या माणसाने पकडलं. ब्रँडचं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरातलं बघा. आयसीयूत तात्पुरती सुरू झालेली ॲसिडिटीची, झोपेची औषधं कोणी "कधी थांबवायची" विचारलं नाही तर महिनोन् महिने चालू राहतात.

घरी: व्हीलचेअर घ्यायच्या आधी दारं मोजा, बाथरूमचं दार आमचं अडलं. पलंगाला दोन्ही बाजूंनी जागा हवी. सतरंज्या, पायपुसणी उचला. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्रीचा छोटा दिवा. सक्शन किंवा ऑक्सिजनचं मशीन विजेवर असेल तर वीज गेल्यावर काय, हे पेशंट घरी यायच्या आधी ठरलेलं हवं, बॅकअप किंवा सिलिंडर, आणि तो एकदा चालवून बघितलेला.

९. घरी आल्यावर

पहिल्या रात्री कोणी झोपत नाही. हॉस्पिटलमध्ये ज्या मॉनिटरला शिव्या घालत होतो त्याचीच आठवण येते.

फ्रिजवर एक कागद लावा, लगेच फोन करायच्या गोष्टींचा: ताप, धाप, नव्याने आलेला गोंधळ किंवा सुस्ती, पोटरीची सूज, जखमेतून पू, लघवी कमी होणं, छातीत दुखणं. बसल्यावर एकदम उभं करू नका, पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटं पाय सोडून बसवा, खूप दिवस झोपलेल्या माणसाचं बीपी उभं राहिल्यावर धाडकन खाली येतं.

थकवा कोणाला पटत नाही. आई दिसायला चांगली, बोलते, हसते, आणि आंघोळीनंतर दोन तास झोपते. पाहुणे म्हणतात अजून किती आराम. जीबीएसनंतर थकवा वर्षानुवर्षं राहू शकतो. शिवाय आयसीयूनंतर विसरणं, चिडचिड, वाईट स्वप्नं हेही येतं, त्याला आळस किंवा स्वभाव समजू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि सगळं त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. आईला ब्लाउजचं एक बटण लावायला सात मिनिटं लागायची, मी तिसऱ्या मिनिटाला पुढे व्हायचो. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं परत करायला शिकवतात ते) मला सांगितलं की ती सात मिनिटं हाच व्यायाम आहे, तुम्ही खोलीबाहेर जा.

फॉलोअपला जाताना फाईल, वही, चालू औषधांच्या पट्ट्या आणि तीन प्रश्न लिहिलेला कागद एवढं न्या. दुसऱ्या फॉलोअपला डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता येतो का? मी सवयीने वही उघडली आणि सांगायला लागलो की गेल्या रविवारी सहा पायऱ्या, त्याच्या आधी चार, कठडा धरून. आई म्हणाली, "अरे, मला विचारलंय त्यांनी."

मी वही मिटली. आठ पायऱ्या झाल्या होत्या, दोन तिने मी घरी नसताना चढल्या होत्या.